भूछत्राच्या खाली: अणुबॉम्ब आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहिला?

ख्रिस्तोफर नोलनचा 'ओपेनहायमर' जुलै २०२३ मध्ये आला तेव्हा त्यावर एक आक्षेप लगेच घेतला गेला. तीन तासांच्या सिनेमात हिरोशिमा कुठेच दिसत नाही. एका प्रसंगात शास्त्रज्ञांना तिथली छायाचित्रं दाखवली जातात, पण कॅमेरा बॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचा प्रमुख असलेल्या ओपेनहायमरच्या चेहऱ्यावरच थांबतो आणि ओपेनहायमर नजर खाली वळवतो. जपानमध्ये हा सिनेमा जवळपास आठ महिने उशिरा, मार्च २०२४ च्या अखेरीस लागला. नोलनचा युक्तिवाद असा, की गोष्ट ओपेनहायमरच्या नजरेतून सांगितली आहे. त्याने जे पाहिलं नाही ते प्रेक्षकालाही दिसणार नाही. युक्तिवाद चोख आहे. पण ही 'न पाहण्याची' सवय या सिनेमाच्या पाऊणशे वर्षं आधीची आहे.

अणुबॉम्बवरची चित्रं, कादंबऱ्या, कविता आणि सिनेमे यांचा पसारा एवढा मोठा आहे की नुसती यादी केली तरी पानं भरतील. त्या पसाऱ्यात वाट काढायला मला एक साधा प्रश्न पुरतो: सांगणारा कुठे उभा आहे, वर विमानात की खाली रस्त्यावर?

अणुबॉम्ब म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो भूछत्रासारखा ढग. त्या आकारात खास 'अणू'चं असं काही नाही. पुरेसा मोठा स्फोट कशाचाही असो, तापलेल्या हवेचा गोळा वेगाने वर चढतो, खालची धूळ आणि धूर आपल्यामागे ओढत नेतो, तो झाला दांडा. वर गेल्यावर आजूबाजूची हवा आणि तो गोळा सारखेच हलके होतात, चढण थांबते आणि तो आडवा पसरतो, ती झाली छत्री. ज्वालामुखीच्या उद्रेकातही असा ढग दिसतो. पण ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या 'एनोला गे' विमानाच्या शेपटीकडे बसलेल्या सैनिकाने तो टिपला आणि तीच बॉम्बची ओळख झाली. हे छायाचित्र बघताना आपण नकळत बॉम्ब टाकणाऱ्याच्या जागी बसलेलो असतो. माणूस दिसत नाही, घर दिसत नाही, आवाजही नाही. पाहणाऱ्याला थक्क व्हायची मुभा आहे, बाकी काही करायचं नाही.

गंमत म्हणजे 'हिरोशिमाचा ढग' म्हणून जगभर छापलं गेलेलं आणखी एक प्रसिद्ध छायाचित्र बॉम्बच्या ढगाचं नाहीच. ते स्फोटानंतर काही तासांनी घेतलेलं आहे. तोपर्यंत शहराला चौफेर आग लागली होती आणि त्या आगीच्या धुराचा प्रचंड लोट वर चढला होता. म्हणजे जे चित्र लोक 'स्फोट' म्हणून बघत होते, ते खरं तर जळणाऱ्या शहराचं होतं. हा घोळ सर्वांच्या लक्षात यायला २०१६ साल उजाडलं.

खालून त्या दिवशी काय टिपलं गेलं? फार थोडं. योशितो मात्सुशिगे हे स्थानिक वर्तमानपत्राचे छायाचित्रकार. त्यांचं घर स्फोटाच्या केंद्रापासून २.७ किलोमीटरवर होतं, ते वाचले. कॅमेरा घेऊन ते मियुकी पुलापाशी पोहोचले तेव्हा सकाळचे अकरा वाजत आले होते. पुलाच्या तोंडाशी होरपळलेली माणसं बसली होती, त्यात शाळकरी मुलं होती, आणि कोणीतरी त्यांच्या भाजलेल्या अंगाला तेल लावत होतं. मात्सुशिगेंनी पुढे अनेकदा सांगितलं, की कॅमेरा डोळ्याला लावायलाच धीर होईना. ही माणसं म्हणतील, आमची ही दशा आणि हा फोटो काढतोय. बऱ्याच वेळाने त्यांनी बटण दाबलं. मग थोडं पुढे सरकून दुसरा फोटो घेतला, तेव्हा डोळ्यांतल्या पाण्याने समोरचं धूसर झालं होतं. फिल्म चोवीस फोटोंपुरती होती. दिवसभर शहरात फिरून त्यांनी सात वेळा बटण दाबलं, त्यातले पाच फोटो आले. त्या दिवशीच्या हिरोशिमाची, जमिनीवरून आणि माणसांमध्ये उभं राहून घेतलेली म्हणून जी छायाचित्रं आपल्याकडे आहेत, ती मुख्यतः एवढीच. पुलावरच्या फोटोत बहुतेकांची पाठ आपल्याकडे आहे. मला हा फोटो अणुयुगातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, ढगापेक्षा कितीतरी जास्त.

मग शब्दांची लढाई सुरू झाली, तीही वर आणि खाली अशीच. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा विल्यम लॉरेन्स हा पत्रकार बॉम्ब बनवणाऱ्या प्रकल्पानेच आपल्याकडे घेतला होता. नागासाकीच्या मोहिमेत तो सोबतच्या विमानात होता. त्याच्या वार्तांकनात ढग जिवंत होतो, रंग बदलतो, आकाशात झेपावतो. काव्य म्हणावं असं लेखन आहे ते. पुढच्या वर्षी त्याला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. जवळपास त्याच दिवसांत विल्फ्रेड बर्चेट हा ऑस्ट्रेलियन पत्रकार परवानगीच्या भानगडीत न पडता टोकियोहून रेल्वेने हिरोशिमाला गेला आणि ढिगाऱ्यात बसून टाइपरायटरवर बातमी बडवली. ५ सप्टेंबर १९४५ ला ती लंडनच्या 'डेली एक्सप्रेस'मध्ये आली. अंगावर जखम नसलेली माणसंही कसल्याशा 'अणु-साथी'ने मरताहेत, असं त्याने लिहिलं.

बर्चेटने पाहिलं ते काय होतं? किरणोत्सर्ग शरीरात शिरला की त्याचा सर्वांत जास्त मार सतत विभागणाऱ्या पेशींवर बसतो. हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशी, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं. आधीच्या रक्तपेशी शरीरात काही दिवस टिकतात म्हणून माणूस धडधाकट वाटतो. त्या संपतात आणि नव्या येत नाहीत, तेव्हा केस गळतात, हिरड्यांतून रक्त येतं, साधा जंतुसंसर्गही झेपत नाही. म्हणून मृत्यू दोन-चार आठवड्यांनी यायचा आणि साथीसारखा भासायचा. अमेरिकी लष्कराने बर्चेटचं म्हणणं उडवून लावलं. बॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज यांनी तर नोव्हेंबर १९४५ मध्ये सिनेटच्या समितीपुढे, डॉक्टरांच्या हवाल्याने, किरणोत्सर्गाने येणारं मरण 'फार सुखाचं' असतं असं सांगितलं. विमानातून पाहणाऱ्या माणसाचं वाक्य कसं असतं, याचा याहून चांगला नमुना मला सापडलेला नाही.

जपानमध्ये सप्टेंबर १९४५ पासून देशाचा ताबा घेतलेल्या अमेरिकी लष्कराची छपाईवर नजर होती. बॉम्बविषयीच्या बातम्या, कविता, वैद्यकीय निबंध अडवले जात. योको ओता ही लेखिका स्वतः हिरोशिमात सापडली होती. तिने 'प्रेतांचं शहर' हे पुस्तक १९४५ च्या शरद ऋतूतच लिहिलं, पण ते १९४८ मध्ये आलं, तेही काटछाट होऊन. अमेरिकी वाचकाला मात्र ३१ ऑगस्ट १९४६ ला 'न्यूयॉर्कर'चा एक अख्खा अंक मिळाला, ज्यात जॉन हर्सीचा एकच दीर्घ लेख होता. त्यात सहा माणसं आहेत. एक कारकून तरुणी, तीन मुलांची विधवा आई, दोन डॉक्टर, एक जर्मन पाद्री आणि एक जपानी धर्मोपदेशक. सकाळी सव्वाआठ वाजता कोण काय करत होतं, इथून लेख सुरू होतो. कुणी वर्तमानपत्र वाचत होतं, कुणी खिडकीतून शेजाऱ्याकडे बघत होतं. हर्सीने भावनिक विशेषणं जवळपास वापरलीच नाहीत. वर्षभर फक्त ढग पाहिलेल्या वाचकाला पहिल्यांदा खाली उतरवलं ते या लेखाने.

खालून पाहिलं की आणखी एक गोष्ट दिसते: दगडावरच्या सावल्या. हिरोशिमातल्या एका बँकेच्या पायऱ्यांवर, स्फोटाच्या केंद्रापासून २६० मीटरवर, कोणीतरी बँक उघडायची वाट बघत बसलं होतं. स्फोट जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर झाला. त्याच्या उष्णतेने पायरीचा दगड फिकट पडला, पण माणसाच्या आड असलेला भाग मूळ रंगाचाच राहिला. भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेली तसबीर काढल्यावर मागे जसा गडद चौकोन राहतो, तसंच हे, फक्त वर्षांचं काम काही क्षणांत झालं. ही पायरी आता हिरोशिमाच्या संग्रहालयात आहे. हिंदी कवी अज्ञेय यांनी जपान पाहून आल्यावर १९५९ मध्ये 'हिरोशिमा' ही कविता लिहिली, ती या सावलीवरच. माणसाने बनवलेल्या सूर्याने माणसालाच वाफ करून टाकलं, असं ते म्हणतात. वैज्ञानिकदृष्ट्या हे तंतोतंत नाही, कारण तेवढ्या क्षणांत अख्ख्या शरीराची वाफ होत नाही. माणूस जळून मरतो, देह मागे राहतो. कवीला ती सूट आहे, पण माहितीपटांनीही हेच ठोकून दिलं आहे आणि त्यामुळे एक नुकसान होतं. वाफ झालेल्या माणसाला वेदना नसतात, त्याचं प्रेत कोणाला उचलावं लागत नाही.

प्रेतं उचलावी लागली, आणि ती पाहिलेल्यांपैकी एक जोडपं होतं इरी आणि तोशी मारुकी. इरी मूळचा हिरोशिमाकडचा, शाईने चित्रं काढणारा. तोशी तैलरंगात काम करणारी. बॉम्बनंतर काही दिवसांतच दोघं नातेवाइकांना शोधत तिथे पोहोचले. १९५० पासून त्यांनी मिळून भलेमोठे पट रंगवायला घेतले. प्रत्येक पट १.८ मीटर उंच आणि ७.२ मीटर रुंद. असे पंधरा पट व्हायला ३२ वर्षं लागली. तोशी माणसांची शरीरं नेमकी, रेषेत बांधलेली काढायची आणि इरी त्यावर पातळ शाई ओतायचा. दोघांच्या या ओढाताणीतून आकृत्या धड स्पष्ट नाहीत, धड पुसट नाहीत अशा झाल्या. या पटांत ढग नाही. पार्श्वभूमीच नाही म्हणा ना. नुसती माणसं, एकमेकांवर रेललेली, नागडी, चालणारी.

इथपर्यंतची गोष्ट सोपी आहे: वरचा गुन्हेगार, खालचा बळी. मारुकींनी ती तशी राहू दिली नाही, म्हणून मला ते या सगळ्यांत मोठे वाटतात. १९७० मध्ये त्यांचे पट अमेरिकेत नेले होते. तिथे त्यांना विचारलं गेलं, की एखाद्या चिनी चित्रकाराने जपानी सैन्याने नानजिंगमध्ये केलेल्या कत्तलीची चित्रं जपानमध्ये आणली तर तुम्ही काय कराल? प्रश्न झोंबणारा होता. परत आल्यावर १९७१ मध्ये तेरावा पट झाला, हिरोशिमात मारल्या गेलेल्या अमेरिकी युद्धकैद्यांवर. हो, आपल्याच देशाच्या बॉम्बखाली काही अमेरिकी सैनिकही मेले होते. चौदावा पट कोरियन मजुरांवर आहे, ज्यांना जपानने कामाला आणलं होतं आणि ज्यांची प्रेतं शेवटपर्यंत पडून राहिली. पटावर कावळेच कावळे. नंतर त्यांनी नानजिंगही रंगवलं. खाली रस्त्यावर उभं राहिल्याने माणूस आपोआप निर्दोष ठरत नाही, हे मान्य करणारी कलाकृती विरळाच.

आता गोजिराकडे. बाहेरच्या जगाला तो गॉडझिला म्हणून माहीत आहे आणि रबरी पोशाखातला विनोदी राक्षस वाटतो. त्याचा जन्म विनोदी नव्हता. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. अंदाज सुमारे ६ मेगाटनचा होता, स्फोट झाला १५ मेगाटनचा, म्हणजे हिरोशिमाच्या साधारण हजारपट. हिशेब चुकला तो लिथियमपाशी. इंधनातला हलका लिथियमच कामाला येईल आणि जड प्रकार नुसता पडून राहील असं गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात वेगवान न्यूट्रॉनच्या माऱ्याने जड प्रकारातूनही ट्रिटियम, म्हणजे स्फोटाचं इंधन असलेला जड हायड्रोजन, तयार झाला आणि आगीत तेल पडलं. प्रवाळाचा भुगा होऊन तो किरणोत्सर्गी राख म्हणून खाली आला. रोंगेलाप बेटावर राहणाऱ्या लोकांवर आला, आणि 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी बोटीवरही. बोट जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर होती. बोटीवरचे २३ खलाशी आजारी पडले आणि रेडिओ सांभाळणारा ऐकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये मेला. टोकियोच्या बाजारातले ट्यूना मासे जमिनीत पुरले गेले, हायड्रोजन बॉम्बविरुद्धच्या सह्यांची मोहीम देशभर पसरली, आणि ३ नोव्हेंबरला 'गोजिरा' पडद्यावर आला. सिनेमाची सुरुवात समुद्रात एका बोटीवर झगमगाट होऊन ती बुडण्याने होते. तिकीट काढून बसलेल्या प्रत्येकाला ही बोट कोणती ते कळत होतं.

दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमातून आला होता. त्याने राक्षसाबरोबरच त्याच्यामागे उरलेल्या इस्पितळांवरही कॅमेरा रोखला: मुलीच्या अंगावर किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र फिरवणारा डॉक्टर आणि त्याची नुसती हललेली मान. १९५६ मध्ये अमेरिकेसाठी या सिनेमाची वेगळी आवृत्ती निघाली. त्यात एक अमेरिकी पत्रकार घुसवला आणि अणुचाचण्यांना झोंबणारे संवाद बरेचसे कापले. पुन्हा एकदा बाहेरून आलेला माणूस, उंच इमारतीतून शहर जळताना बघणारा.

वरून बघण्याची ही सवय आतून पोखरली ती स्टॅन्ली कुब्रिकने, १९६४ च्या 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मध्ये. त्याने गंभीर कादंबरी घेतली होती, पण लिहिता लिहिता त्याला जाणवलं की यातली खरी परिस्थितीच हास्यास्पद आहे. तेव्हाचा सिद्धांत असा: अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन्ही बाजूंकडे एवढी अण्वस्त्रं असावीत की पहिला वार करणारा उरणार नाही, म्हणजे कोणी वार करणारच नाही. तर्काला धरून आहे, फक्त त्यात यंत्र बिघडणं, माणूस वेडा होणं, निरोप उशिरा पोहोचणं यांना जागा नाही. सिनेमात या तीनही गोष्टी घडतात. रस्त्यावरचा माणूस या सिनेमात जवळपास नाहीच. सगळं युद्धकक्षात, विमानात आणि तळावर. मला हा वरून बघणाऱ्या नजरेवरचा एकमेव प्रामाणिक सिनेमा वाटतो, कारण तो त्या नजरेचीच टिंगल करतो.

ब्रिटनमध्ये पीटर वॉटकिन्सने उलटी वाट धरली. 'द वॉर गेम' (१९६५) मध्ये केंट परगण्यावर बॉम्ब पडल्यास पोलीस, परिचारिका, शिधावाटप यांचं काय होईल ते बातमीपटाच्या थाटात दाखवलं. बीबीसीनेच तो बनवून घेतला आणि बीबीसीनेच दाखवायला नकार दिला. त्याला माहितीपटाचं ऑस्कर मिळालं, तरी छोट्या पडद्यावर तो आला १९८५ मध्ये. तोपर्यंत अमेरिकेत 'द डे आफ्टर' हा अणुयुद्धावरचा टीव्ही सिनेमा येऊन गेला होता. २० नोव्हेंबर १९८३ च्या रात्री सुमारे दहा कोटी लोकांनी तो पाहिला. त्याआधी, ऑक्टोबरमध्ये, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो पाहून आपण फार खिन्न झालो अशी नोंद रोजनिशीत केली. चार वर्षांनी झालेल्या अमेरिका-सोव्हिएत क्षेपणास्त्र कराराचं श्रेय सिनेमाला देणारे लोक आहेत. मला ते जरा ताणलेलं वाटतं. पण कॅन्ससमधलं एक साधं गाव पडद्यावर जळताना पाहून सर्वांत वरच्या खुर्चीतल्या माणसाला झोंबलं, एवढं त्याच्याच अक्षरात आहे.

किरणोत्सर्ग मात्र वरूनही दिसत नाही आणि खालूनही दिसत नाही. कलावंताची खरी पंचाईत इथे होते. गंमत अशी की छायाचित्राच्या फिल्मला तो दिसतो. १८९६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ बेकेरेलला युरेनियमचा हा गुण कळला तो काळ्या कागदात गुंडाळलेली छायाचित्रणाची काच काळवंडल्यामुळे. १९४५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या पहिल्या चाचणीची धूळ पार इंडियाना राज्यातल्या पुठ्ठ्याच्या गिरणीच्या पाण्यात पोहोचली आणि त्या पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या कोडॅकच्या एक्स-रे फिल्मवर डाग उमटले. कंपनीतल्या शास्त्रज्ञाने हे कोडं सोडवलं. आणि १९८६ मध्ये व्लादिमीर शेवचेन्को हा दिग्दर्शक चेर्नोबिलच्या अणुभट्टीवरून हेलिकॉप्टरमधून चित्रण करून आला, तेव्हा फिल्मवर पांढरे ठिपके चमकत होते. फिल्म खराब आहे असं आधी वाटलं. ते ठिपके किरणोत्सर्गाचे होते. पुढच्याच वर्षी शेवचेन्को वारला.

हिरोशिमात आता प्रश्न वेगळा आहे. केइजी नाकाझावा सहा वर्षांचा असताना शाळेच्या भिंतीआड उभा होता म्हणून वाचला आणि १९७३ पासून त्याने 'अनवाणी गेन' ही चित्रकथा मुलांच्या साप्ताहिकात काढली. ही चित्रकथा २०२३ मध्ये हिरोशिमाच्याच शाळांच्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून वगळली गेली. मुलांना संदर्भ कळत नाहीत, हे कारण. त्याच शहरातल्या मोतोमाची उच्च माध्यमिक शाळेत २००७ पासून दुसरा उद्योग चालू आहे. चित्रकला शिकणारी सोळा-सतरा वर्षांची मुलं एकेका वाचलेल्या वृद्धाला पुन्हा पुन्हा भेटतात आणि त्याच्या आठवणीतला एक प्रसंग तैलरंगात रंगवतात. एका चित्राला महिनोन् महिने जातात, कारण धूर किती काळा होता, कातडी कशी लोंबत होती, आभाळाचा रंग काय होता हे विचारून विचारून रंगवायचं असतं आणि चुकलं की समोरचा माणूस सांगतो. मार्च २०२५ मध्ये हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांची सरकारी नोंदीतली संख्या पहिल्यांदा एक लाखाच्या खाली गेली आणि त्यांचं सरासरी वय ८६ च्या पुढे आहे. तेव्हा चूक दाखवणारं माणूस मिळतंय तोवर जितकी होतील तितकी चित्रं करून घ्यायची, असा तिथला हिशेब आहे.